सातवी पिढी नेमकी कुणाची?

इन्स्टाग्रामवर अत्तर किंवा ‘निश’ परफ्युम विकणाऱ्या एखाद्या भारतीय ब्रँडचं पान उघडा. बायोत तीन गोष्टी हमखास सापडतील: एखादं जुनं साल, ‘फॅमिली-रन’ आणि ‘सातवी पिढी’. कधी पाचवी असते, कधी आठवी. आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं. खाली रील असते. तांब्याचं भलंमोठं भांडं, धूर, गुलाबांचा ढीग, मागे सारंगी. मग लिननच्या कुर्त्यातला सातव्या पिढीचा तरुण मालक बाटली नाकाशी नेतो आणि डोळे मिटतो.

त्या रीलमध्ये आणखी एक माणूस असतो. दीडेक सेकंद. बनियन घातलेला, बहुतेकदा पाठमोरा, भांड्याखालची लाकडं सरकवणारा. कॅप्शनमध्ये त्याचं नाव नसतं. माझं भांडण त्या दीड सेकंदाशी आहे.

म्हणणं सरळ सांगते. ज्याला आपण ‘कौटुंबिक परफ्युम हाऊसची कारागिरी’ म्हणतो, ती पुष्कळदा त्या कुटुंबाची नसते. ती रोजावर किंवा पगारावर काम करणाऱ्या माणसांची असते. त्यांच्याही पिढ्या झालेल्या असतात, फक्त त्या कुणी मोजत नाही. आणि त्या मोजल्या जात नाहीत म्हणूनच बाटलीत पॅराफिन भरून ‘वारसा’ विकणं इतकं सोपं झालंय. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण त्या एकमेकींना धरून आहेत. मला अत्तर आवडतं, रोज लावते, त्यावर ऐपतीपेक्षा जास्त पैसे घालवते. म्हणूनच हा वाद घालतेय. ज्यांना अत्तराशी देणंघेणं नाही, त्यांना हा प्रश्न पडणारही नाही.

भट्टीवर काय चालतं

आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावतात, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात. दिवाळीत आंघोळीनंतर कानात अत्तराचा फाया ठेवणारे आजोबा तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ती कुपी मुंबईत मोहम्मद अली रोडवरून आणलेली असो की गावच्या जत्रेतून, तिचा माग काढत गेलं की बहुधा आपण उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला पोचतो. सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी असलेलं, गंगेच्या काठच्या पट्ट्यातलं हे गाव आज अत्तरासाठी ओळखलं जातं. ‘कन्नौज परफ्युम’ला जीआय मानांकन आहे. केंद्र सरकारचं सुगंध-संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, एफएफडीसी, १९९१ पासून तिथे आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तिथे गेले होते. गुलाबाचे दिवस होते. पहाटे, ऊन चढायच्या आत तोडलेली फुलं पोत्यांतून कारखान्यात येतात. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे डेगेत, फुलं आणि पाणी घालतात. झाकण ठेवून कडेने माती आणि कापसाचं लिंपण करतात, म्हणजे वाफ कुठूनही निसटायला नको. डेगेतून बांबूची नळी निघते, तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असते. तिला चोंगा म्हणतात. चोंग्याचं दुसरं टोक जातं भपक्यात. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेलं. त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. खाली लाकडं आणि गोवऱ्या पेटतात, फुलांची वाफ चोंग्यातून भपक्यात उतरते, थंड होते आणि चंदनाचं तेल तिचा वास धरून ठेवतं.

ऐकायला सोपं आहे. पण इथे कुठेही थर्मामीटर नाही, प्रेशरचा काटा नाही. आच जास्त झाली तर फुलं करपतात आणि सगळ्या तेलाला जळका वास येतो. कमी झाली तर वास उतरतच नाही. भपका किती भरला हे डोळ्यांना दिसत नाही. डेगेवरचा कारागीर हौदात उतरतो, पाण्याखाली भपक्यावर तळवा फिरवतो आणि तांबं कुठपर्यंत तापलंय यावरून आत किती जमलंय ते ओळखतो. डेगेजवळ कान नेऊन आतल्या उकळीचा आवाज ऐकतो. वेळ झाली की ओल्या फडक्याने डेग पुसतो, म्हणजे वाफेचा जोर क्षणभर मोडतो, आणि तेवढ्यात भपका बदलतो. रात्रभर भपका निवतो, तळाशी बसलेलं पाणी काढून पुन्हा डेगेत घालतात. दुसऱ्या दिवशी तेच तेल, फुलं मात्र ताजी. असं दोन-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरतात, कारण चामड्यातून उरलासुरला ओलावा निघून जातो.

या साऱ्यात कळीच्या जागा तीन: कान, तळवा आणि आच. तिन्ही त्या बनियनवाल्या माणसाच्या ताब्यात.

मी ज्या कारखान्यात गेले, तिथे दुकानाच्या भिंतीवर मालकाच्या घराण्यातल्या चार पुरुषांच्या तसबिरी होत्या, हार घातलेल्या. मागे भट्टीवर जो कारागीर होता त्याला विचारलं, हे कुणाकडून शिकलात? म्हणाला, अब्बांकडून. ते त्यांच्या अब्बांकडून. तिघेही याच आवारात राबलेले. म्हणजे याही घराची इथे तिसरी पिढी होती. भिंतीवर त्यातलं कुणी नव्हतं. मुलगा काय करतो, म्हटलं. तर तो कानपूरला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. ‘इसमें अब क्या रखा है,’ असं म्हणून तो पुन्हा लाकडं सरकवायला गेला.

त्या आवारात अत्तराच्या कारागिरीची परंपरा नेमकी कुठे तुटतेय? तसबिरींची रांग तर चालूच राहणार आहे. मालकाच्या मुलाने इन्स्टा हँडल सांभाळायला घेतलंय.

घराणं म्हणजे रक्त नव्हे

‘घराणं’ हा शब्द आपल्याला अनोळखी नाही. आपण तो गाण्यातून ओळखतो. किराणा घराण्याचं नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून आलं. अब्दुल करीम खाँ तिथले, पुढे मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगुबाई हनगल. यांतल्या कुणाचंही खाँसाहेबांशी रक्ताचं नातं नव्हतं. तरी ही सगळी मंडळी किराणा घराण्याचीच, कारण ती गायकी त्यांच्या गळ्यात होती. ज्याने शिकलं, त्याचं नाव परंपरेत लागलं.

अत्तराच्या धंद्यात नेमकं उलटं आहे. तिथे जो शिकला त्याचं नाव लागत नाही, ज्याला दुकान मिळालं त्याचं लागतं. म्हणजे शब्द गाण्याकडून घेतला आणि अर्थ सातबाऱ्याकडून. ‘सातवी पिढी’ ही बऱ्याचदा मालकी हक्काची नोंद असते. ती कारागिरीची म्हणून विकली जाते.

मालकांना काहीच येत नाही, असं मी म्हणत नाही. कन्नौजच्या जुन्या घरांमध्ये नाकं आहेत, आणि ती खरीखुरी आहेत. कुठल्या भपक्यातलं तेल पहिल्या प्रतीचं, शमामासारख्या अत्तरात कुठल्या जडीबुटी किती आणि कधी पडायच्या, हे ठरवणं मोठं कसब आहे. काही मालक आजही स्वतः डेगेशी बसतात. पण संगीतात तबलजीचं नाव पत्रिकेत छापतात. सिनेमात स्पॉटबॉयपर्यंत नावं येतात. सहाशे रुपयांच्या कॉफीच्या पाकिटावर चिकमगळूरच्या मळ्याचं नाव, उंची आणि बी कसं वाळवलं तेही असतं. तीन हजारांच्या अत्तराच्या डबीवर मात्र फक्त आडनाव असतं, आणि ते मालकाचं.

नाव कुणाला मिळतं, हा या क्षेत्रातला जुनाच प्रश्न आहे. कन्नौजमध्ये ‘मिट्टी अत्तर’ काढतात. भाजलेली माती डेगेत घालून तिचा वास चंदनात उतरवतात. पहिल्या पावसाचा वास बाटलीत. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासावर ‘नेचर’मध्ये निबंध लिहिला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही की उत्तर प्रदेशात हा वास आधीपासून अत्तर म्हणून काढला जातो. आज पाऊस पडला की आपल्या स्टोऱ्यांवर ‘पेट्रिकोर’ झळकतं. नाव देणाऱ्यांची नोंद आहे, आणि ती असायलाच हवी. तो वास पहिल्यांदा भपक्यात उतरवणाऱ्याची कुठेही नोंद नाही.

‘सिक्रेट फॅमिली फॉर्म्युला’

नाव का देत नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: गुपित. घराण्याचा फॉर्म्युला आहे, बाहेर कसा सांगणार?

या गुपिताच्या गोष्टीला इतिहासात फारसा आधार नाही. भारतात सुगंधविद्या पोथ्यांमधून लिहिली गेलीय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, ‘गंधयुक्ती’वर आख्खा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हा हिशोब त्यात आहे. गणिताच्या इतिहासात तो आवर्जून सांगितला जातो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’मध्ये सुगंधांच्या कृती दिल्या.

आणि मराठीत? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९४०च्या दशकात एका दुर्मीळ हस्तलिखितावर लिहिलं. त्यात गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ होता आणि सोबत ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ, मराठी टीकेसह. गोड्यांनी या ग्रंथाचा आणि टीकेचा काळ साधारण १३५० ते १५५०च्या दरम्यान धरला. १९८९ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने हे दोन्ही ग्रंथ छापले. विचार करा, पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून सुगंध तयार करण्याची विद्या मराठीत समजावून सांगत होतं. म्हणजे ती इतरांना कळावी अशी कुणाचीतरी इच्छा होती. ‘गंधवाद’च्या लेखकाचं नाव आपल्याला माहीत नाही. विद्या पोचली, नाव गेलं. तेव्हा छापखाना नव्हता, लेबल नव्हतं. आज दोन्ही आहे, तरी नाव जातंच आहे. याला काळाचा दोष म्हणता येणार नाही.

गुपित ठेवण्यासारखं जे असतं, ते मिश्रणाचं प्रमाण. ते ठेवा, कुणी अडवलेलं नाही. पण बेस चंदनाचा आहे की खनिज तेलाचा, फूल कुठल्या शेतातलं, डेगेवर कोण होतं, यात गुपित कसलं? कंपन्या ज्याला फॉर्म्युला म्हणून झाकतात, त्यातला बराच भाग साधा हिशोब आहे. तो आपण घरबसल्या करू शकतो.

दहा मिलीचं गणित

भारतीय चंदनाचं अस्सल तेल किलोला लाख रुपयांच्या वरच जातं. आपण हिशोबापुरता लाखच धरू. म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. दहा मिली चंदनतेलाचं वजन साधारण पावणेदहा ग्रॅम भरतं. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत नुसतं चंदनच जवळजवळ हजार रुपयांचं झालं. फुलं, लाकूड, मजुरी, बाटली, कुरिअर आणि इन्फ्लुएन्सरला पाठवलेला फुकटचा डबा अजून धरलेलाच नाही.

आता ‘प्युअर सँडल बेस गुलाब अत्तर, १० मिली, फक्त २४९’ हे पुन्हा वाचा.

गुलाबाचंही तसंच. एक किलो शुद्ध गुलाबतेल काढायला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे एका ग्रॅममागे साडेतीन-चार किलो फुलं, एकेक हाताने, सूर्य वर यायच्या आत तोडलेली. चंदनावर उतरवलेल्या अत्तरात शुद्ध गुलाबतेलाचा वाटा लहान असतो, पण तोही आकाशातून पडत नाही.

मग स्वस्त बाटलीत असतं काय? बहुतेकदा लिक्विड पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियममधून निघणारं बिनवासाचं तेल. किंवा डीओपी, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते रसायन. त्यात कारखान्यात बनलेला तयार सुगंध मिसळला की झालं ‘अत्तर’. चंदन महाग आणि दुर्मीळ होत गेलं, तसा हा मार्ग रुळला. चंदनाच्या झाडावरची सरकारी पकड, तस्करी, जंगलातली घटती संख्या ही सगळी कारणं खरी आहेत. कर्नाटकात २००१ पर्यंत तुमच्या स्वतःच्या जमिनीत उगवलेलं चंदनही सरकारचं होतं, मग कोण कशाला लावेल?

कृत्रिम सुगंधाशी माझं वैर नाही. आधुनिक परफ्युमरी त्याच्यावरच उभी आहे. १९२१चं शनेल नंबर फाइव्ह अल्डिहाइडांशिवाय झालंच नसतं. प्रयोगशाळेत बनवलेला रेणू हा फसवणूक ठरत नाही. तो भरून बाहेर तांब्याच्या डेगेचा फोटो लावणं, ही फसवणूक आहे.

आता सुरुवातीला म्हटलेला धागा जोडते. मिसळायला कान लागत नाही, तळवा लागत नाही, आचेचं भान लागत नाही. एक मोजपात्र आणि एक ढवळणी पुरते. म्हणजे पॅराफिनचं अत्तर हे फक्त ग्राहकाला लुबाडत नाही, ते कारागिराला बिनकामाचं करतं. डेग मात्र आवारात राहते, रीलसाठी. उद्या तिच्याखालची आच खरी आहे की धूर सोडायचं मशीन, हेही कुणाला कळणार नाही, कारण कारागीर आपल्याला कधी माहीतच नव्हता. ज्याला नाव नाही, त्याला काढून टाकलं तरी गैरहजेरी लागत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी अशाच एका ‘सहाव्या पिढी’च्या ब्रँडला मेसेज केला. तीन प्रश्न विचारले. बेस कशाचा आहे? अत्तर कुठे उतरवलंय? कुणी? उत्तर अर्ध्या तासात आलं: ‘हाय डिअर, हा आमचा सिक्रेट फॅमिली फॉर्म्युला आहे. तुमच्यासाठी खास दहा टक्के डिस्काउंट कोड!’ मी पुन्हा विचारलं, प्रमाण नको, फक्त बेस सांगा. सीन झालं, उत्तर आलं नाही. त्यांच्या पानावर ‘ट्रान्स्परन्सी’ नावाचं हायलाइट आहे. त्यात फुलांचे फोटो आहेत.

‘निश’चं पुढे काय होतं

कुणी म्हणेल, हे भारतातलं बेशिस्त मार्केट आहे, परदेशातल्या खऱ्या निश हाउसांकडे बघा. बघू.

क्रीड हे नाव निश परफ्युमच्या दुनियेत सगळ्यांना ठाऊक आहे. १७६० सालचा वारसा आणि बापाकडून मुलाकडे आलेली कला, हीच त्यांची ओळख. २०२० मध्ये ते ब्लॅकरॉकच्या गुंतवणूक फंडाकडे गेलं. २०२३ मध्ये केरिंगने ते साडेतीन अब्ज युरोंना घेतलं. २०२५ मध्ये केरिंगने क्रीडसकट आपला सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय लोरेआलला विकायचा करार जाहीर केला. ल लाबो आणि फ्रेडरिक माल ही दोन्ही नावं २०१४ मध्येच एस्टी लॉडरकडे गेली. म्हणजे ‘कुटुंब’ ही गोष्ट विकता येते, साल आणि आडनावासकट. जे विकता येतं ती मालमत्ता. तिला परंपरा म्हणू नये.

आणि मोठ्या घरांची फुलं कोण तोडतं? २०२४ मध्ये बीबीसीने इजिप्तमधल्या जॅस्मिनच्या शेतांवर शोधपत्रकारिता केली. बड्या परफ्युम ब्रँडांच्या पुरवठादारांसाठी तिथे लहान मुलं रात्री फुलं तोडत असल्याचं त्यात दिसलं. तेव्हा युरोपचं नाव घेतलं म्हणजे आपोआप स्वच्छ, असंही नाही.

पण तिकडे वेगळं उदाहरणही आहे. फ्रान्समधल्या ग्रास परिसरात शनेलचं जॅस्मिन आणि गुलाब म्युल नावाच्या शेतकरी कुटुंबाकडून येतो. हा करार १९८७ पासूनचा आहे, आणि शनेल ते नाव स्वतःहून सांगते. ग्रासच्या परफ्युम-विद्येला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्या नोंदीत फुलं पिकवणं, कच्च्या मालाचं ज्ञान आणि सुगंध रचणं ही तिन्ही अंगं आहेत. शेतकऱ्याला कारागिरीतून वगळलेलं नाही. शनेल काही धर्मादाय संस्था नाही. त्यांना कळलंय की शेत गेलं तर सेंटही जाईल, म्हणून ते नाव सांभाळतात. मग हे आपल्याकडे अशक्य का म्हणायचं?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि श्रेय दिलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. योग्यच केलं. २०१९ पासून जीआय असलेली वस्तू, तिच्या कारागिरांचं नाव घ्यायला नको? पण तो राग परदेशी कंपनीपुरताच का? आपल्याच देशातला मालक आपल्याच देशातल्या कारागिराला दीड सेकंद देतो, तेव्हा आपण त्या रीलला हार्ट देतो.

उलट बाजूने काय म्हणतात

तीन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात.

पहिला: धोका मालक घेतो. खरं आहे. चंदनात लाखो रुपये अडकतात, फुलाचा भाव दिवसाला बदलतो, एक भपका करपला तर नुकसान मालकाचं. त्याचा मोबदला म्हणजे नफा, आणि तो त्याने घ्यावा. पण धोका पत्करल्याने आच सांभाळायची कला येत नाही. निर्मात्याने पैसे घातले म्हणून आपण त्याला गायक म्हणत नाही.

दुसरा: नाव छापलं तर दुसरा कारखाना कारागीर पळवेल. हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कबुली आहे. कारागीर पळवण्यासारखा आहे, म्हणजे कला त्याच्याकडे आहे. मग त्याला टिकवायचा उपाय त्याचं नाव लपवणं हा नाही, मजुरी वाढवणं हा आहे. अंधारात ठेवून टिकवलेला माणूस कानपूरला मोबाइल दुरुस्त करायला जातोच, आणि मग तो कुठल्याच कारखान्याचा राहत नाही.

तिसरा: ग्राहकालाच स्वस्त हवं असतं. यातही तथ्य आहे. कित्येक वर्षं कन्नौजचा मोठा गिऱ्हाईक पानमसाला आणि तंबाखूचा धंदा राहिलाय. ज्या केवड्यासाठी ओडिशातल्या गंजमच्या किनाऱ्यावर माणसं काटे सोसून कणसं उतरवतात, त्याचा वास शेवटी पुडीत जाऊन भिंतीवर थुंकला जातो. अशा बाजारात कुणाला कारागिराचं नाव हवंय? पण नव्या निश ब्रँडांचं गिऱ्हाईक तो नाही. ते आपण आहोत. पंधराशे-तीन हजार मोजणारे, नोट्स पाठ असणारे, डीकँट मागवणारे. आपल्याला ‘गोष्ट’ विकली जाते, आणि आपण त्या गोष्टीचे जादा पैसे देतो. मग ती गोष्ट खरी असावी, एवढं मागायचा हक्क आपला आहेच.

मग करायचं काय

बहिष्कार घाला, असं मी म्हणणार नाही. बहिष्काराने सगळ्यात आधी डेगेवरचा माणूसच घरी बसेल.

मी एवढंच म्हणते की लेबलवर तीन ओळी असाव्यात. एक, बेस: चंदन, पॅराफिन, की आणखी काही. दोन, जागा आणि हंगाम: फूल कुठलं, कधी उतरवलं. तीन, डेगेवर कोण होतं. नाव, त्या माणसाच्या परवानगीने. या तीन ओळींना सरकारी कायदा लागत नाही, मशीन लागत नाही, जास्तीची शाई तेवढी लागते. जो ब्रँड खरोखर डेग-भपक्याने अत्तर काढतो, त्याचा यात फायदाच आहे. पॅराफिनवाल्यापासून त्याला वेगळं काढणारी दुसरी खूण बाजारात नाहीच. अडचण फक्त त्याला होईल, ज्याच्याकडे तिसऱ्या ओळीत लिहायला कुणी नाही.

आपल्या बाजूने काम आणखी सोपं आहे. विकत घेण्याआधी मेसेज करा. बेस काय? कुठे उतरवलं? कुणी? उत्तर आलं तर पैसे द्या, घासाघीस न करता द्या. पॅराफिन आहे असं सरळ सांगितलं तरी हरकत नाही, ते पॅराफिनच्या भावात घ्या. कोड आला तर पुढे सरका. आणि रिव्ह्यू लिहिताना, रील करताना, ‘सिलाज’ आणि ‘लाँगेव्हिटी’च्या आकड्यांशेजारी ही तीन उत्तरंही टाका. शंभर लोकांनी एकच प्रश्न विचारला तर ब्रँडची सोशल मीडिया टीम तो प्रश्न मालकापर्यंत नेते. ट्रोलिंगच्या भीतीने का होईना, नेते.

लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आहे. हलवायाच्या दुकानासमोर उभं राहून नुसता वास घेणाऱ्या गरिबाकडून हलवाई पैसे मागतो, आणि न्यायाधीश निकाल देतो: वासाची किंमत म्हणून नाण्यांचा आवाज ऐकवा. आपण त्या हलवायाला हसतो. कन्नौजच्या भट्टीवर मात्र वास तयार करणाऱ्या माणसालाच आपण पिढ्यान्‌पिढ्या नाण्यांचा आवाज ऐकवत आलोय, आणि नाणी दुसऱ्याच्या गल्ल्यात टाकतोय.

सातवी पिढी असेल तर असू द्या. अभिमानाने लिहा. फक्त त्याच बाटलीवर, त्याच टाइपात, डेगेवरच्या घराची कितवी पिढी आहे तेही लिहा. आणि ती शेवटची ठरणार असेल तर तेही लिहा. निदान आपण कशाचे पैसे देतोय, ते आम्हाला कळू दे.